दुबईचा व्हिसा आहे, पण कामाचं परमिट आहे का?

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस आखातात असतो. आधी काका गेले, मग पुतण्या गेला, आता पुतण्याचा मुलगा चाललाय. तरीही जाणाऱ्या पोराच्या हातात नक्की कुठला कागद आहे, असं घरी विचारलं तर उत्तर एकच येतं: व्हिसा आलाय. कसला व्हिसा, कुणाच्या नावाने, त्यावर काम करता येतं का, हे प्रश्न विमान सुटल्यावर सुचतात. तोवर उशीर झालेला असतो.

हा लेख फक्त संयुक्त अरब अमिरातीबद्दल, म्हणजे दुबई, अबू धाबी, शारजा आणि बाकीच्या चार अमिरातींबद्दल आहे. सौदी, कतार, कुवेतचे नियम वेगळे आहेत. इथलं तिथे लावू नका.

दोन खाती, दोन परवानग्या

अमिरातीत राहायची परवानगी एक खातं देतं आणि काम करायची दुसरं. राहण्याचं काम इमिग्रेशनकडे. कामाचं परमिट देतं ते मानव संसाधन आणि एमिरातीकरण मंत्रालय, ज्याला तिकडे सगळे नुसतं 'मोहरे' म्हणतात. दोन्ही परवानग्या हातात असल्याशिवाय खासगी कंपनीत एक दिवसही काम करणं कायद्याने गुन्हा आहे. पगार घेतला नाही, 'ट्रायल'वर होतो, मालक ओळखीचा आहे, यातलं काहीही सबब म्हणून चालत नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईचंच बघा. ती कायदेशीरपणे तिथे राहते, तिच्याकडे एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र) असतो, बँकेत खातं असतं. पण शाळेत, दवाखान्यात किंवा ब्युटी पार्लरमध्ये नोकरी धरायची तर मालकाने तिच्यासाठी वेगळं परमिट काढायलाच हवं. व्हिसा नवऱ्याचाच राहतो, परमिट कंपनीचं निघतं. 'राहतेच आहे की कायदेशीर' म्हणून परमिटशिवाय कामाला लागणाऱ्या सुशिक्षित बायका कमी नाहीत. पकडलं जाण्याची भीती फक्त मजुरांना असते, हा समज त्यामागे असतो.

आजचा मूळ कायदा २०२१ चा, ३३ क्रमांकाचा संघीय हुकूमनामा. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात परमिटचे बरेच प्रकार आहेत: परदेशातून कामगार आणायचं, एका कंपनीतून दुसरीकडे बदलीचं, कुटुंबाच्या व्हिसावर असणाऱ्याचं, तात्पुरत्या कामाचं, अर्धवेळ, फ्रीलान्स, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांचं, गोल्डन (दीर्घ मुदतीच्या) व्हिसावाल्याचं. सगळे पाठ करायची गरज नाही. एवढंच धरून ठेवा की फ्रीलान्स सोडलं तर परमिटवर एका विशिष्ट मालकाचं नाव असतं आणि काम त्याच मालकाकडे करायचं असतं. संध्याकाळी मित्राच्या कॅफेटेरियात चार तास उभं राहायचं असेल तर त्या कॅफेटेरियाने अर्धवेळ परमिट काढलं पाहिजे. आठवड्यातून दोनच दिवस असलं तरी.

फ्री झोनमधल्या, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्रांतल्या कंपन्यांची परमिटं तिथलं प्राधिकरण देतं, मोहरे नाही. घरकामगार, ड्रायव्हर, आया यांच्यासाठी २०२२ चा वेगळा कायदा आहे. आपल्याला कुठला लागू, हे आधी पाहावं.

परमिट निघतं कसं

सुरुवात कंपनीने करायची असते. तुम्ही मोहरेच्या दारात जाऊन 'मला परमिट द्या' म्हणू शकत नाही. कंपनी आधी ठरलेल्या नमुन्यातलं ऑफर लेटर काढते. त्यावर सही झाली की परमिटचा अर्ज, मग प्रवेश परवाना, मग विमान. पोचल्यावर रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि शेवटी राहण्याची नोंद. पूर्वी पासपोर्टवर गुलाबी स्टिकर चिकटायचा. २०२२ पासून तो बंद झाला. आता एमिरेट्स आयडी हाच राहण्याचा पुरावा. साधारण परमिट दोन वर्षांचं असतं.

परमिटची सरकारी फी कंपनीच्या दर्जाप्रमाणे २५० ते ३,४५० दिरहमपर्यंत जाते. नियम नीट पाळणाऱ्या कंपनीला कमी, बाकीच्यांना जास्त. शिवाय दर कामगारामागे कंपनीला किमान ३,००० दिरहमची बँक हमी ठेवावी लागते किंवा त्याऐवजी विमा काढावा लागतो. कंपनी बुडाली, पळाली, तर कामगाराची देणी त्यातून निघावीत म्हणून. हा सगळा खर्च मालकाचा. भरतीचा कसलाही पैसा कामगाराकडून घ्यायचा नाही, थेट नाही आणि फिरवूनही नाही, असं कायद्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. 'व्हिसाचे पैसे पगारातून कापू' म्हणणारा मालक पहिल्याच दिवशी कायदा मोडत असतो.

एक कपात मात्र खरोखर कामगाराच्या खिशातली आहे. २०२३ पासून नोकरी गेल्याचा विमा सक्तीचा झाला. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम. तो न काढल्यास ४०० दिरहम दंड. ही फसवणूक नव्हे, भरून टाकावा.

ऑफर लेटरवर जरा थांबू. २०१६ पासून नियम असा की ऑफर लेटरमध्ये जे लिहिलंय तेच करारात उतरलं पाहिजे. गावात दाखवायचं एक आणि तिकडे सही करून घ्यायची दुसऱ्यावर, हा जुना धंदा त्यामुळे बराच आवळला गेला. हे पत्र अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली, नेपाळी अशा भाषांत मिळतं. मराठी नाही. हिंदी प्रत मागून घ्या, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

हातात आल्यावर सगळ्यात आधी पगाराचे दोन आकडे बघा. समजा प्लंबरला एजंटने सांगितलं, '१,२०० दिरहम पगार'. पत्रात मूळ पगार ८०० आणि भत्ते ४०० असं असू शकतं. बेरीज तीच, मग काय बिघडलं? ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर निघतो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ पगारावर. पहिली पाच वर्षं दर वर्षाचे २१ दिवस धरतात, म्हणजे ८०० वर वर्षाला ५६० दिरहम आणि पूर्ण १,२०० मूळ असता तर ८४०. पाच वर्षांत १,४०० दिरहमचा फरक, एका महिन्याच्या पगाराहून जास्त. मग पदाचं नाव बघा. प्लंबर म्हणून चाललात आणि पत्रात 'हेल्पर' असेल तर तिकडे तुम्ही हेल्परच. शेवटी पत्रावरचा व्यवहार क्रमांक मोहरेच्या साइटवर टाकून तपासा. खोटी ऑफर लेटरं इतकी देखणी असतात की नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

विझिटवर जा, तिकडे कन्वर्ट करू

आता मुख्य दुखणं. एजंटचं ठरलेलं वाक्य: "भावा, आत्ता विझिटवर जा. पोचलास की महिन्याभरात कन्वर्ट करून देतो."

विझिट म्हणजे फिरायला जाण्याचा व्हिसा, कन्वर्ट म्हणजे तो कामाच्या व्हिसात बदलणं. यात फसवं काय, तर वाक्य पूर्ण खोटं नाही. विझिटवर जाऊन नोकरी शोधता येते, मुलाखत देता येते आणि कंपनीने रीतसर परमिट काढलं तर देशाबाहेर न पडताही व्हिसाचा दर्जा बदलून घेता येतो. नोकरी शोधण्यासाठी म्हणून ६०, ९० किंवा १२० दिवसांचा खास व्हिसाही २०२२ मध्ये सुरू झाला, पण तो वरच्या दर्जाच्या कुशल माणसांसाठी आणि नामांकित विद्यापीठांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांसाठी आहे. यातल्या कुठल्याही व्हिसावर काम मात्र सुरू करता येत नाही. एजंट नेमका इथेच बोलायचं थांबतो. परमिट 'प्रोसेसमध्ये' असताना पोराला साइटवर उभं करतात. प्रोसेस संपतच नाही. व्हिसा संपतो.

मुदत संपली की रोज ५० दिरहम दंड चढतो. सहा महिने राहिलं तर ९,००० दिरहम, आपल्या पैशात दोन लाखांच्या वर. त्याच सहा महिन्यांचा पगार मिळाला असेल की नाही, याची खात्री नाही. मायदेशी परतायचं म्हटलं तरी हा दंड समोर उभा. म्हणून माणूस तसाच राहतो आणि बिनकागदाचा 'खल्लीवल्ली' होतो. अधूनमधून सरकार माफीची मुदत जाहीर करतं. शेवटची मोठी माफी १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, ऑक्टोबरअखेर संपायची ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तेव्हा दंड न भरता, परत येण्यावर बंदी न लागता निघता आलं किंवा कागद सरळ करून घेता आले. पण पुढची माफी येईलच, या आशेवर कुणी बसू नये.

दुसरा प्रकार 'आझाद व्हिसा'. नाव गोड आहे. यात कुठलीतरी कंपनी तुमच्या नावाने खरं परमिट काढते, काम देत नाही, वर दोन वर्षांचे एकरकमी पैसे घेते आणि सांगते, बाहेर हवं तिथे कमव. कागद अस्सल असतात म्हणून लोकांना हे कायदेशीर वाटतं. कायद्याच्या नजरेत इथे दोन गुन्हे झाले. ज्याने परमिट काढून काम दिलं नाही तो एक आणि ज्याने आपल्या नावाचं परमिट नसताना कामाला ठेवलं तो दुसरा. मधे सापडलेला तुम्ही तिसरे.

दंड कुणाला, किती

२०२१ च्या कायद्यात मालकाला दंड होता ५०,००० ते २ लाख दिरहम. २०२४ च्या ९ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने तो १ लाख ते १० लाख दिरहम केला. ३१ ऑगस्ट २०२४ पासून हा लागू आहे. वरचा आकडा आपल्याकडच्या दोन कोटी रुपयांच्या पलीकडे जातो. हा दंड परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्याला लागतो, माणूस आणून काम न देणाऱ्याला लागतो, परमिटचा भलत्याच कामासाठी वापर करणाऱ्याला लागतो, कामगारांची देणी न चुकवता कंपनीला टाळं लावणाऱ्याला लागतो आणि नियम मोडून अल्पवयीन मुलाला राबवणाऱ्यालाही. खोटी, फक्त कागदावरची भरती दाखवली तर दंडाला त्या माणसांच्या संख्येने गुणलं जातं. घरकामगारांच्या कायद्यात बिनपरमिट ठेवणाऱ्याला ५०,००० ते २ लाख दिरहम.

कामगारालाही सुटका नाही. विझिटवर काम करताना सापडलेल्याला दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो आणि देशाबाहेर काढलं जातं. तसं काढलेल्या माणसाला पुन्हा आत येणं फार अवघड होतं.

मालकाचा दंड दहा लाखांचा झाला म्हणून आपल्याकडच्या काहींना बरं वाटलं. मला त्यात कामगाराचा फारसा फायदा दिसत नाही. दंड जातो सरकारी खजिन्यात. बिनपरमिट कामगाराचा चार महिन्यांचा थकलेला पगार त्यातून सुटत नाही. अमिरातीत कामगाराला जे संरक्षण आहे ते सगळं परमिटला टांगलेलं आहे. पगार बँकेमार्फत किंवा मंजूर एक्सचेंज हाऊसमार्फतच द्यायचा आणि त्याची नोंद सरकारकडे राहायची, ही वेतन संरक्षण व्यवस्था २००९ पासून आहे. देय तारखेपासून पंधरा दिवस उलटले की कंपनी थकबाकीदार धरली जाते. परमिट नाही तर या व्यवस्थेत तुमचं नाव नाही. पगार रोख हातात आला, पुरावा शून्य. बँक हमी नाही, नोकरी गेल्याचा विमा नाही. तक्रार करायला जावं तर आधी आपलंच बेकायदा काम उघडं पडतं, म्हणून बहुतेक जण जातच नाहीत. मालकाला हे चांगलं ठाऊक असतं.

परमिट असूनही बेकायदा ठरायचे मार्ग

परमिट मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं समजू नका. चाचणीकाळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. त्यात मालकाने काढायचं तर चौदा दिवसांची लेखी नोटीस. तुम्ही अमिरातीतच दुसरी नोकरी धरणार असाल तर एक महिन्याची नोटीस, आणि जुन्या मालकाचा भरतीखर्च नव्या मालकाने भरून द्यायचा. देश सोडून जाणार असाल तर चौदा दिवस. नोटीस न देता निघून गेलात तर एक वर्ष नवं परमिट मिळत नाही.

न सांगता सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात आणि ठावठिकाणा कळला नाही, तर मालक तुम्ही पळाल्याची नोंद करू शकतो. भांडण झालं म्हणून रूमवर जाऊन बसणाऱ्यांचा घात इथेच होतो. पगार थकलाय, मारहाण होते, काहीही असो, आधी तक्रार नोंदवायची, मग कामावरून दूर व्हायचं. हा क्रम उलटा झाला की खरं सांगणारा माणूसही पळपुटा ठरतो.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. तरी अनेक कॅम्पांत तो 'सुरक्षित राहावा म्हणून' ऑफिसच्या कपाटात असतो. नोकरी संपली की परमिट रद्द झाल्याचा कागद आपल्या हातात घ्या. देश सोडायला किंवा नवं परमिट घ्यायला किती दिवस मिळाले, ते तिथेच कळतं. 'सगळे हिशेब मिळाले' अशा कागदावर पैसे हातात पडायच्या आधी सही करू नका.

इकडचा कायदा

अमिरात हा आपल्या सरकारच्या यादीतल्या अठरा देशांपैकी एक. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' (परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. अशा माणसाला या अठरा देशांत कामासाठी जायचं तर आधी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून परवानगी घ्यावी लागते. त्यात करार तपासला जातो, मालकाची नोंद होते आणि प्रवासी भारतीय विमा काढला जातो. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. एवढ्या हप्त्यात एवढं कवच दुसरीकडे मिळणार नाही.

फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. विझिटची पळवाट निघाली ती इथून. एजंट ई-मायग्रेट चुकवतो, पोरगा पर्यटक म्हणून विमानात बसतो, विमा गेला, करार गेला, सरकारदरबारी तो कामाला गेलाच नाही. पुढे काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हातात दाखवायला विमानाचं तिकीट तेवढं उरतं.

एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटवर क्रमांक टाकून दिसतं. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. अमिरातीचा कायदा म्हणतो कामगाराकडून काहीच घेऊ नका, आपला म्हणतो तीस हजार चालतील, आणि प्रत्यक्षात लाख-दीड लाख मागितले जातात. शिक्षेतली तफावत तर याहून मोठी. आपला उत्प्रवासन कायदा १९८३ चा. नोंदणी नसताना भरती करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंडाची कमाल मर्यादा फक्त २,००० रुपये. तिकडच्या मालकाला दोन कोटी, इकडच्या दलालाला दोन हजार. तालुक्याच्या गावी एका खोलीत 'व्हिसा कन्सल्टन्सी' थाटणाऱ्याला हे गणित पाठ असतं.

निघण्याआधी मोबाईलवर आलेला प्रवेश परवाना उघडून दोन गोष्टी पाहा. तो नोकरीसाठीचा आहे की पर्यटनाचा? आणि पुरस्कर्त्याच्या (स्पॉन्सरच्या) जागी ऑफर लेटरवरच्याच कंपनीचं नाव आहे का? तिथे ट्रॅव्हल एजन्सीचं नाव दिसलं तर ते विझिट आहे, कुणी काहीही सांगो.

तिकडे गेल्यावर पगाराची किंवा कराराची तक्रार मोहरेच्या ॲपवर किंवा ८००८४ या क्रमांकावर नोंदवता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मोहरे स्वतःच निकाल देऊ शकतं. कोर्टात जायची वेळ आली तरी १ लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला फी नाही. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत दावा केला पाहिजे, त्यानंतर तो ऐकला जात नाही. पूर्वी हीच मुदत एक वर्षाची होती. भारतीय दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८००४६३४२ या मोफत क्रमांकावर आहे, आणि इथल्या घरच्यांना परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. त्यासाठी पासपोर्ट, ऑफर लेटर, प्रवेश परवाना आणि एमिरेट्स आयडी यांच्या प्रती गावी ठेवून जा. अर्ज भरताना पहिल्यांदा पासपोर्ट क्रमांकच विचारतात आणि तो कॅम्पमधल्या ऑफिसच्या कपाटात बंद असू शकतो.